जे-बेसचा आवाज बँडमध्ये हरवतो. जास्त ओहमचे पिकअप बसवून फरक पडेल का?

खर्जप्रेमी

माझ्याकडे जे-बेसच्या (फेंडर कंपनीच्या जॅझ बेसच्या) धाटणीचा चार तारांचा बेस गिटार आहे. दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, चुंबक आणि तांब्याच्या वेढ्यांचे), दोन व्हॉल्यूम, एक टोन, प्रीअँप (बेसच्या आतलं सिग्नल वाढवणारं सर्किट) नाही. तारा निकेल राउंडवाउंड (गोल तार गुंडाळलेल्या), स्केल (तारेची वाजणारी लांबी) ३४ इंची. बोटांनी वाजवतो, पिक क्वचितच. एकटा वाजवत असलो की दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडून जो आवाज येतो तो मला फार आवडतो. खाली भरदार आणि वर लखलखीत. पण दोन गिटार, कीबोर्ड आणि ड्रम सुरू झाले की माझा बेस गायब! अँप वाढवला तर जमीन हादरते, पण कुठला सूर वाजतोय ते कुणालाच कळत नाही. आमचा ड्रमर म्हणतो, "तू काय वाजवतोयस ते मला तुझ्या बोटांकडे बघून कळतं."

ओळखीचा एक बेसिस्ट पी-बेस (फेंडरचाच प्रिसिजन बेस) वाजवतो. अँप जवळपास माझ्यासारखाच, तरी त्याचा एकेक सूर वेगळा ऐकू येतो. म्हणून पिकअप बदलायचं मनात आहे. सध्याचे पिकअप मल्टिमीटरवर साधारण साडेसात किलोओहम दाखवतात. सिरॅमिक चुंबकाचे, दहा किलोओहमच्या वरचे घे, जितके ओहम जास्त तितका आवाज जाड, असा सल्ला मिळाला आहे.

ओहमवरून टोन खरंच कळतो का? चुंबकाचा वाटा किती? आणि पी-बेसचा तो आवाज मुळात येतो कुठून? तो माझ्या बेसमधून निघण्यासारखाच नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. मग पिकअपच्या मागे लागण्यात अर्थ नाही.


चौथी_तार

सगळ्यात आधी ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीजवळच्या) पिकअपचा व्हॉल्यूम शून्यावर आणा, फक्त नेकच्या (मानेच्या) बाजूचा ठेवा आणि एक पूर्ण तालीम तसं वाजवा. टोन अर्ध्यावर. तुम्हाला जे हवंय त्यातलं बरंचसं तिथेच सापडेल. राउंडवाउंडच्या जागी फ्लॅटवाउंड (चपटी तार गुंडाळलेल्या) लावल्या तर आणखी जवळ जाल. प्रसिद्ध बेसिस्ट जेम्स जेमरसन १९६२ च्या पी-बेसवर फ्लॅटवाउंडच वाजवायचे आणि त्यांचा एकही सूर कधी हरवलेला ऐकू येत नाही. त्या आवाजात ब्रिजजवळचा पिकअप नव्हताच.


तांबडी_तार

खर्जप्रेमी, पिकअप घेण्याआधी थोडं थांबा. चौथी_तार यांनी सांगितलेला प्रयोग अगदी योग्य आहे. तो का चालतो ते जरा सविस्तर लिहितो. मी हौसेनं पिकअप गुंडाळतो, तुटलेल्या कॉइल पुन्हा भरून देतो. वेढे आणि चुंबकं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. तरीही बेसच्या आवाजात पहिला मान मी पिकअपच्या जागेलाच देतो, वेढ्यांना त्यानंतर आणि चुंबकाला सर्वात शेवटी.

तार छेडली की ती एकाच वेळी पूर्ण लांबीनं, दोन हिश्श्यांत, तीन हिश्श्यांत, चार हिश्श्यांत अशी हलत असते. प्रत्येकाचा एक हार्मोनिक. एखादा हार्मोनिक तारेच्या ज्या बिंदूवर स्थिर असतो, त्या बिंदूखाली पिकअप असेल तर तो हार्मोनिक पिकअपला दिसतच नाही. ३४ इंच म्हणजे ८६४ मिलिमीटर. समजा पिकअपचा मध्य ब्रिजपासून १४४ मिलिमीटरवर आहे. हा झाला तारेचा बरोबर सहावा हिस्सा. मोकळी ई तार ४१.२ हर्ट्झची, तिचा सहावा हार्मोनिक साधारण २४७ हर्ट्झचा. तो गेला.

आता बाराव्या फ्रेटवर बोट ठेवा. तार अर्धी झाली, तेच १४४ मिलिमीटर आता तिसरा हिस्सा झाले, म्हणजे तिसरा हार्मोनिक जाणार. पण सूर दुप्पट होऊन ८२.४ हर्ट्झवर आलाय, आणि त्याची तिप्पट केली की पुन्हा २४७ च! कुठल्याही फ्रेटवर वाजवा, त्या तारेवरचा खड्डा (आवाजातली ही गळालेली वारंवारता) हलत नाही. ए तारेवर तो ३३० ला, डी तारेवर ४४० ला, जी तारेवर ५८८ ला. हे गणित पहिल्यांदा कागदावर सुटलं तेव्हापासून मी बेसकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. पिकअपची जागा ठरली की चारही तारांना चार वेगवेगळे, कायमचे इक्वलायझर लागले. अँपवरच्या इक्वलायझरनं ते पुसता येत नाहीत, कारण तो चारही तारांना एकच कात्री लावतो.

आता तुमचा बेस. जे-बेसवर नेकचा पिकअप ब्रिजपासून ढोबळमानानं १५० मिलिमीटरवर असतो आणि ब्रिजचा ६० वर. दोघांमधलं अंतर साधारण ९२. दोन्ही सारखे उघडले की काही हार्मोनिकच्या बाबतीत तार एका पिकअपवर वर जात असताना दुसऱ्यावर खाली जात असते, आणि दोघांचे सिग्नल एकमेकांना खाऊन टाकतात. ई तारेवर हा प्रकार ३४० ते ३९० हर्ट्झच्या पट्ट्यात होतो, जी तारेवर ८०० ते ९२० च्या आसपास. तुम्हाला एकट्यानं वाजवताना आवडतो तो आवाज याच खड्ड्यामुळे तसा आहे. खाली भर, वर चमक, मध्ये पोकळी. बँडमध्ये बेसचा सूर ओळखायला कानाला नेमका हाच मधला भाग लागतो. छोट्या स्पीकरमधून ४१ हर्ट्झ जवळजवळ बाहेरच येत नाही. वरच्या हार्मोनिकवरून कान खालचा सूर स्वतः उभा करतो. ते हार्मोनिकच गळले, तर अँप कितीही वाढवा, जमीनच हादरणार.

जागेला इतकं महत्त्व का देतो त्याचं उदाहरण फेंडरच्याच इतिहासात आहे. १९७० च्या दशकात त्यांनी जे-बेसचा ब्रिजकडचा पिकअप साधारण एक सेंटिमीटरनं ब्रिजकडे सरकवला. बेसिस्ट जॅको पास्टोरियस यांचा १९६२ चा बेस आधीच्या मांडणीचा, दुसरे बेसिस्ट मार्कस मिलर यांचा १९७७ चा नंतरच्या. दोघांचे हात वेगळे, तारा वेगळ्या, जॅकोंच्या बेसला फ्रेटही नव्हते, सगळं मान्य. पण या एका सेंटिमीटरनं ब्रिजच्या पिकअपचा आवाज कसा बदलतो ते तुम्ही स्वतः ऐकू शकता. मी एक सुटा पिकअप लांब वायरवर जोडून ठेवला आहे. तो पालथा करून तारांच्या वरून हातात धरायचा, तारांपासून तीन-चार मिलिमीटरवर, आणि एकच सूर पुन्हा पुन्हा वाजवत नेकपासून ब्रिजकडे हळूहळू सरकवत न्यायचा. तेच चुंबक, तेच वेढे, तीच केबल. आणि आवाज मऊ घुमाऱ्यापासून नाकातल्या कडक आवाजापर्यंत सलग बदलत जातो. सोबत सूर वाजवायला कुणीतरी हवं, नाहीतर हात पुरत नाहीत. ज्याला ज्याला हे ऐकवलं, त्यानं नंतर ओहमचा विषय काढलेला नाही.

पी-बेसचं म्हणाल, तर १९५१ मध्ये तो आला तेव्हा त्यावर साधा सिंगल कॉइल होता. आज आपण ज्याला पी-पिकअप म्हणतो तो दोन तुकड्यांचा स्प्लिट कॉइल १९५७ चा. एक तुकडा ई आणि ए तारांखाली, जरा नेकच्या बाजूला. दुसरा डी आणि जी तारांखाली, जरा ब्रिजच्या बाजूला. दोन्ही तुकड्यांचे वेढे उलट आणि चुंबकंही उलट, त्यामुळे विजेची घुरघुर एकमेकांना मारते आणि तारांचा सिग्नल मात्र एकाच दिशेनं राहतो. मुद्दा असा की प्रत्येक तारेला एकच जागा आहे. दुसऱ्या पिकअपनं मधलं खाऊन टाकणं इथे नाहीच.

आणखी एक बारकावा आहे. तो फारसा कुणी सांगत नाही, पण पिकअप गुंडाळताना रोज जाणवतो. दोन तुकडे सिरीजमध्ये (एकामागोमाग जोडलेले) असतात. ई तार वाजते तेव्हा सिग्नल एकाच तुकड्यात तयार होतो, पण त्याला बाहेर पडायला दुसऱ्या तुकड्याच्या सगळ्या वेढ्यांतूनही जावं लागतं. म्हणजे सिग्नल अर्ध्या पिकअपचा आणि इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला कॉइलचा विरोध) पूर्ण पिकअपचा. वरची चमक आपोआप थोडी खाली बसते आणि मधला भाग पुढे येतो.

इंडक्टन्सचा विषय निघालाच आहे तर ओहमचंही बोलू. कॉइलच्या इंडक्टन्सची केबलच्या कपॅसिटन्सशी (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेशी) गाठ पडते आणि एका ठरावीक वारंवारतेवर आवाजाला उंचवटा येतो. त्याच्या वर सगळं झपाट्यानं उतरतं. हिशेबाला सोपा आकडा घ्या: ४ हेन्रीचा पिकअप, दर मीटरला १०० पिकोफॅरडची केबल आणि कॉइलचे स्वतःचे १०० पिकोफॅरड. तीन मीटर केबल लावली तर उंचवटा ४००० हर्ट्झच्या जवळ येतो, सहा मीटरची लावली तर ३००० च्या जवळ. फक्त केबल बदलून इतका फरक! नवे पिकअप बसवले की लोक बहुतेक वेळा केबलही नवी घेतात आणि सगळं श्रेय पिकअपला देतात.

यात ओहम कुठे आले? नुसता रेझिस्टन्स म्हणजे तांब्याच्या तारेची लांबी आणि जाडी. तीच कॉइल ४२ गेजच्या तारेऐवजी आणखी बारीक ४३ गेजच्या तारेनं तेवढेच वेढे देऊन गुंडाळली, तर ओहम साधारण सव्वापट दिसतील. वेढे तितकेच, इंडक्टन्स जवळपास तितकाच, टोन जवळपास तोच. आणि तांब्याचा रेझिस्टन्स तापमानासोबत दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. दहा अंशांनी हवा तापली की तुमचा साडेसातचा पिकअप ७.८ दाखवेल. टोन त्यामुळे बदललेला कुणाला ऐकू आला नसेल. ओहमवरून पिकअपचा टोन सांगणं म्हणजे माणसाच्या वजनावरून त्याचा गळा ओळखणं. एकाच कारखान्याचे, एकाच गेजचे, एकाच आकाराच्या बॉबिनवरचे दोन पिकअप शेजारी ठेवले असतील, तरच ओहमची तुलना काहीतरी सांगते, कारण तिथे जास्त ओहम म्हणजे खरोखरच जास्त वेढे. विकणाऱ्यानं इंडक्टन्सचा आकडा दिला असेल तर तो बघा. नसेल तर मागा.

चुंबकाबद्दल इतकंच की त्याचा वाटा आहे, पण लोक समजतात त्या वाटेनं नाही. यावर कुणाचा वेगळा अनुभव असेल तर लिहा, त्यावर बोलायला मला आवडेल.


घुमारा

माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहितो. माझ्या बेसमधले अल्निको ५ (अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूच्या चुंबका) चे पिकअप काढून मी सिरॅमिकचे बसवले. बेस तोच, तारा त्याच, केबल तीच, पिकअपची जागा अर्थातच तीच. आवाज मोठा झाला, मिड्स (मधल्या वारंवारता) पुढे आले आणि वरचा नाजूकपणा गेला. हे मी एकट्यानं ऐकलेलं नाही, आमच्या साउंडवाल्यानं न सांगता ओळखलं. मग चुंबकाचा वाटा शेवटचा कसा?

आणि हंबकरचं (दोन कॉइलच्या, घुरघुर मारणाऱ्या पिकअपचं) काय? म्युझिक मॅन स्टिंगरेचा आवाज मिड्समध्ये कुठे हरवत नाही. खर्जप्रेमींनी ब्रिजच्या जागी तसा हंबकर बसवला तर? दुसरं असं की दोन्ही पिकअप सिरीजमध्ये जोडले की तो मधला खड्डा भरून निघतो असं मी बऱ्याच ठिकाणी वाचलं आहे. तो उपाय तुम्ही कसा काय सुचवला नाहीत?


तांबडी_तार

घुमारा, तुम्ही ऐकलंत ते खरंच आहे. साउंडवाल्याचे कानही खरे. फक्त त्या अदलाबदलीत एकटं चुंबक बदललेलं नसतं.

अल्निकोच्या पारंपरिक पिकअपमध्ये पोल म्हणजेच चुंबकं असतात, कॉइलच्या पोटातून उभे गेलेले दांडे. सिरॅमिक सहसा पट्टीच्या रूपात कॉइलच्या तळाशी चिकटवलेलं असतं आणि कॉइलच्या पोटात लोखंडाचे पोल किंवा पाती असतात. लोखंड चुंबकीय रेषांना अल्निकोपेक्षा जास्त वाट करून देतं, त्यामुळे तेवढ्याच वेढ्यांत इंडक्टन्स वाढतो आणि उंचवटा खाली सरकतो. शिवाय लोखंडात भोवरे प्रवाह फिरतात, ते त्या उंचवट्याचं टोक बोथट करतात. मिड्स पुढे, वरचा नाजूकपणा कमी; तुम्ही लिहिलंय तंतोतंत तेच. हा बदल कॉइलच्या गाभ्याचा आहे. खुद्द सिरॅमिक वीजवाहक नाही आणि त्याचा स्वतःचा इंडक्टन्सवर परिणाम नगण्य असतो. त्याचा थेट परिणाम म्हणजे ताकद, आवाज मोठा होण्यात ते दिसलं. मी माझ्याकडच्या एका पिकअपच्या तळाची सिरॅमिक पट्टी काढून तिथे अल्निकोची पट्टी लावून पाहिली आहे, लोखंडी पोल तसेच ठेवून. पातळी थोडी उतरली. ती व्हॉल्यूमनं जुळवल्यावर उरलेला फरक मला तरी बँडमध्ये ऐकू येण्याइतका वाटला नाही.

ताकदीचा एक तोटा मात्र लक्षात ठेवा. जोरकस चुंबक तारेच्या फार जवळ आणलं की ते तारेलाच ओढतं. जाड ई तारेवर, वरच्या फ्रेटवर, नेकच्या पिकअपजवळ हे सगळ्यात जास्त जाणवतं. सूर डगमगतो, इन्टोनेशन (फ्रेटवरच्या सुरांची जुळणी) कितीही लावा, जुळत नाही. असं झालं की पहिल्यांदा पिकअप खाली घ्यायचा.

हंबकरबद्दल. दोन कॉइल आहेत एवढ्यावरून टोन कळत नाही. १९७६ च्या स्टिंगरेवर दोन कॉइल पॅरललमध्ये (एकमेकींना समांतर) जोडलेल्या आहेत, त्यामुळे इंडक्टन्स कमी. शिवाय बेसमध्येच प्रीअँप, त्यामुळे केबलचं ओझं पिकअपवर येतच नाही. आणि एकच पिकअप, ब्रिजपासून जरा पुढे. म्हणून तो कडक, स्पष्ट आवाज. याच्या अगदी उलट टोकाला गिब्सनच्या ईबी मालिकेतला, फिंगरबोर्डच्या टोकाला टेकवलेला, प्रचंड वेढ्यांचा हंबकर. आवाज इतका गडद की लोकांनी त्याचं नावच चिखलावरून पाडलं. दोन्ही हंबकरच! फरक जागेचा आणि इंडक्टन्सचा. ईएमजीसारखे अ‍ॅक्टिव्ह पिकअप केबलच्या बाबतीत स्टिंगरेच्याच वाटेनं जातात. कॉइलवर वेढे कमी, आतच छोटा प्रीअँप, ९ व्होल्टची बॅटरी. मग केबल तीन मीटर असो की दहा, टोन तोच राहतो. खर्जप्रेमींनी ब्रिजच्या जागी हंबकर बसवला आणि नेकच्या पिकअपबरोबर सारखाच उघडला, तर दोन जागांमधली खाओखाई तशीच राहणार. एकटा वाजवला तर वेगळा आवाज मिळेल, चांगलाही मिळेल, पण त्यासाठी लाकूड कोरावं लागेल.

सिरीजचा उपाय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण त्याचं कारण बहुतेक ठिकाणी चुकीचं सांगितलं जातं. सिरीज म्हणजे दोन सिग्नलची बेरीज, पॅरलल म्हणजे जवळपास त्याच दोन सिग्नलची सरासरी. जे हार्मोनिक एकमेकांच्या विरुद्ध आहेत ते बेरजेतही मरतात आणि सरासरीतही. खड्डा होता तिथेच राहतो. बदलतात त्या दोन गोष्टी. पातळी सुमारे ६ डेसिबलनं वाढते. आणि ४ हेन्रीचे दोन पिकअप पॅरललमध्ये २ हेन्रीचे होतात, सिरीजमध्ये ८ हेन्रीचे. वरच्याच सहा मीटर केबलवर उंचवटा ४२५० हर्ट्झच्या आसपासवरून थेट २१०० वर येतो, एक पूर्ण सप्तक खाली. वरची चमक गेल्यामुळे मधला भाग जास्त वाटतो, त्यावर आवाजही मोठा, म्हणून खड्डा भरल्याचा भास होतो. उपयोगाचा आवाज आहे तो. मला स्वतःला तो फार आवडतो.


खर्जप्रेमी

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्यापैकी जमेल तेवढं करून पाहिलं.

नेकचा एकटा पिकअप, टोन अर्ध्यावर: तालमीत पहिल्याच गाण्यात ड्रमरनं मान वर करून बघितलं. प्रत्येक सूर ऐकू येत होता, अँपचा व्हॉल्यूम नेहमीपेक्षा कमी असूनही. छोटी केबल लावली तर वर थोडी धार येते, तो फरकही स्पष्ट कळला. सुटा पिकअप माझ्याकडे नाही, त्यामुळे सरकवून बघायचा प्रयोग राहिला.

अडचण आता अशी आहे की एकटा पिकअप उघडला की घूं असा आवाज सुरू होतो. तालमीच्या खोलीत डिमरचे दिवे आहेत, त्यांच्याकडे तोंड केलं की तो वाढतो, नव्वद अंशांत वळलो की कमी होतो. दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की एकदम शांत. पण मग परत तोच पोकळ आवाज. ब्रिजचा व्हॉल्यूम थोडा कमी करून मधली जागा शोधायचा प्रयत्न केला. आवाज छान होतो, पण घूं पुन्हा डोकावतो. हे दोन्ही एकत्र साधायला काही मार्ग आहे का, की इथे पिकअप बदलावेच लागतील?


चौथी_तार

स्टॅक्ड कॉइलवाले विनाघुरघुर जे-पिकअप मिळतात. दोन कॉइल एकावर एक, खालची फक्त घुरघुर मारायला. माझ्याकडे आहेत. शांत आहेत, पण जुन्या सिंगल कॉइलचा मोकळेपणा त्यात थोडा कमी वाटतो. तालमीसाठी चालतात.


तांबडी_तार

पिकअप बदलायची गरज नाही. स्क्रूड्रायव्हर पुरेल.

तुमचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकांचे आहेत, दोन्ही उघडल्यावर शांत होतात ते त्यामुळेच. घुरघुर मारली जाण्यासाठी दोन्ही कॉइलचा वाटा सारखा हवा. व्हॉल्यूमनं एकाचा वाटा कमी केलात की तोल गेला. पण घुरघुर ही कॉइल खोलीतून उचलते. तारेपासून कॉइल किती लांब आहे याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. तारेचा सिग्नल मात्र अंतरावर फार अवलंबून असतो. म्हणून दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवा आणि ब्रिजचा पिकअप स्क्रूनं खाली उतरवा. कॉइल दोन्ही पूर्ण कामावर, त्यामुळे शांतता तशीच. तारेचा सिग्नल मुख्यतः नेकचा, त्यामुळे खड्डा उथळ. दोन सिग्नल एकमेकांना पूर्ण खायचे तर ते सारख्या ताकदीचे असावे लागतात. एक निम्मा झाला तर दुसऱ्याचा निम्मा तरी शिल्लक राहतो.

करायचं असं. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तारेच्या खालच्या कडेपासून पोलपर्यंत मोजायचं. नेकचा पिकअप ई तारेखाली साधारण ३ आणि जी तारेखाली साधारण २ मिलिमीटरवर ठेवा. ब्रिजचा आधी तेवढाच ठेवा आणि मग अर्धा-अर्धा फेरा खाली नेत वाजवून बघा. एकट्यानं नाही, बँडसोबत. ब्रिजच्या पिकअपचा कडकपणा सुराच्या सुरुवातीला जेमतेम जाणवेल इथपर्यंत उतरवला की थांबा. खाली फोम किंवा स्प्रिंग सैल झालेली असेल तर पिकअप स्क्रूबरोबर खाली जाणार नाही, नुसता हलत राहील. फोम बदलून घ्या.

उजवा हात कुठे छेडतो याकडेही लक्ष द्या, कारण छेडण्याच्या जागेचाही असाच हिशेब असतो. तार जिथे छेडली तिथे जो हार्मोनिक स्थिर असतो तो जन्मालाच येत नाही. नेकच्या पिकअपवर अंगठा टेकवून त्याच्या जरा पुढे वाजवलंत तर गोल आवाज, दोन पिकअपच्या मध्ये वाजवलंत तर सूर जास्त कोरीव. तालमीत दुसरी जागा तुम्हाला जास्त उपयोगी पडेल असं वाटतं.


खर्जप्रेमी

ब्रिजचा पिकअप बराच खाली घेतला, जवळजवळ कव्हर बॉडीला टेकेपर्यंत. घूं नाही आणि आवाज एकट्या नेकच्या जवळचा, वर थोडी कड शिल्लक. हेच हवं होतं. ड्रमरनं कुठले पिकअप घेतले म्हणून विचारलं.

आता सिरीजचं स्विचही बसवून बघायची इच्छा आहे, एका-दोन गाण्यांना तो जाड आवाज हवा आहे. सोल्डरिंग येतं. कशाकडे लक्ष देऊ?


तांबडी_तार

पुश-पुल पॉट (दाबला-ओढला की स्विचसारखाही चालणारा व्हॉल्यूमचा नॉब) वापरा, बॉडीला भोक पाडावं लागणार नाही. नेकच्या व्हॉल्यूमच्या जागी बसवा. मूल्य आत्ताच्या पॉटचंच ठेवा. पॅसिव्ह जे-बेसवर ते बहुधा २५० किलोओहम असतं. ५०० चा लावला तर वरचा उंचवटा जास्त टोकदार होईल आणि मग फरक सिरीजचा की पॉटचा ते कळणार नाही. सिरीजमध्ये असताना एकच व्हॉल्यूम दोन्ही पिकअपवर चालेल, दुसरा बाजूला पडेल. ते तसंच असायला हवं.

ज्या पिकअपची ग्राउंडची वायर उचलून दुसऱ्याच्या गरम (सिग्नलच्या) टोकाला जोडणार आहात, तिचं ग्राउंड आधी नीट तपासा. काही पिकअपमध्ये तळाची धातूची पट्टी किंवा पोल त्याच वायरला आतून जोडलेले असतात. तसं असेल तर ती जोडणी तोडून पट्टीला वेगळी ग्राउंडची वायर द्या, नाहीतर सिरीजमध्ये तो सगळा धातू गरम टोकाला लागेल आणि पोलला बोट लागलं की खरखर होईल. कॉइलची वायर केसाएवढी, ४२ गेज म्हणजे सुमारे ०.०६ मिलिमीटर, तेव्हा तिथे सोल्डरिंग गन टेकवताना घाई नको.

जोडून झालं की लगेच ई तार वाजवून बघा. आवाज मोठा आणि जाड झाला तर बरोबर. पातळ, खर्ज गेल्यासारखा आला तर दोन्ही पिकअप एकमेकांच्या विरुद्ध लागले आहेत, आणि त्यासोबत घुरघुरही वाढलेली असेल. अशा वेळी स्विचवर एकाच पिकअपच्या दोन वायर अदलाबदल करा, चुंबकांना हात लावू नका. ब्रिजच्या पिकअपची उंची आता आहे तिथेच ठेवा. सिरीजमध्येही तो खड्डा उथळ ठेवायचं काम तीच करेल.